काजूच्या बागेत चार्जिंगचा भोंगा: गव्यांसाठी घेतला, चालतो का?

भाजीवाले, भंगारवाले गाडीला लावून फिरतात ना, तोच हा भोंगा. कुडाळच्या बाजारात हजार-बाराशेला मिळाला. घेतला तो काजूची बी वेचायला येणाऱ्या बायकांसाठी, कारण आमच्या सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात गवे हल्ली बागेतच मुक्कामाला असतात आणि वेचणारी बाई खाली वाकलेली, तिला पुढचं दिसत नाही आणि गव्यालाही ती एकदम जवळ आल्यावरच कळते. आठशे-हजार किलोचं धूड बिचकलं की वाटेत कोण उभंय ते बघत नाही.

एकाने मुखवट्याचं सुचवलेलं. सुंदरबनात 1986 पासून जंगलात कामाला जाणारे लोक डोक्याच्या मागे माणसाच्या तोंडाचा मुखवटा बांधायला लागले, कारण वाघ पाठीमागून झडप घालतो. पण गवा कुठे दबा धरून बसतो? त्याच्यासाठी शिमग्याचं सोंग घालून नुसता घाम निघेल. त्याला माणूस आलाय हे लांबूनच कळायला हवं, बस.

म्हणून भोंग्यात पत्र्याचा डबा बडवल्याचा आवाज, कुत्र्याचं भुंकणं आणि माझी हाकाटी भरली. सकाळी बायका आत जायच्या आधी गडग्यावर (बागेच्या दगडी कुंपणावर) ठेवून दहा-पंधरा मिनिटं लावतो. रानाकडची बाजू मात्र मोकळी सोडायची, चारी बाजूंनी आवाज केला तर जनावर माणसांवरच येणार. गवे खरंच उठून डोंगराकडे सरकतात. आता बायकाच म्हणतात, "आधी ह्येका वराडूक लावा, मगे आमी जातंव."

रानडुकरं मात्र बेरकी, थोड्याच दिवसात सरावली, आवाज आणि जागा बदलत राहावं लागतं. भुंकणं लावलं की वाडीतले सगळे कुत्रे उत्तर द्यायला लागतात तो ताप वेगळाच 😅 फुरशाला, म्हणजे पाल्यात दडणाऱ्या विषारी सापाला, ह्याचा काडीचा फरक पडत नाही, तिथे गमबूट घाला आणि काठीने पाला सारून मगच हात घाला. आणि तिलारीकडच्या हत्तींसमोर हा प्रयोग चुकूनही नको, तिथून गुपचूप मागे फिरायचं आणि वनखात्याला कळवायचं.

वांदरांसाठी पीव्हीसी पाइपची कार्बाइडची बंदूक वापरतात बरेच जण, आवाज जबरी आहे, पण कामगाराच्या हातात मी ती देणार नाही. आत गॅस साठतो, बार उडाला नाही म्हणून माणूस नळीत डोकावतो आणि तेव्हाच पेटतो. 2025 च्या दिवाळीत भोपाळला कितीतरी पोरांच्या डोळ्यांना त्याने इजा झाली.

वस्तू म्हणून भोंगा ठीकठाक. बॅटरी सकाळभर पुरते, पट्टा फालतू, मी सुतळी बांधली. दुकानदाराने 'वॉटरप्रूफ' म्हणून गळ्यात मारला, पण दवानेच चार्जिंगच्या पिनेला गंज चढलाय, रात्री घरात ठेवा. पेनड्राइव्हवालाच घ्या, नुसत्या रेकॉर्डिंगवाल्यात आवाज बदलायचा म्हणजे दरवेळी भोंग्यासमोर उभं राहून बोंबलायचं. आणि सायरनचं बटण ऑनच्या बटणाला अगदी चिकटून आहे, गवा जवळ असताना ते दाबलं गेलं तर तो कुठेही उधळेल, त्यामुळे आणल्या आणल्या त्याच्यावर चिकटपट्टी मारा.