कातळसड्यावरचे पहिले विमान: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरमध्ये पाऊस सरल्यावर मी रिमोटवर उडणाऱ्या विमानाचा सुटा संच मागवला आणि आता मिरगाच्या तोंडावर ते गुंडाळून ठेवताना हा अनुभव लिहीत आहे. माझा ओढा बाल्सा लाकडाच्या विमानाकडे होता, कारण त्याचा सांगाडा पाहूनच जीव जडतो. पण आमच्या देवगडच्या दमट हवेत पातळ बाल्सा वाकतो आणि एका आपटीत महिन्याची मेहनत चुरगळते. म्हणून वरच्या बाजूला पंख असलेले, ईपीपी फोमचे (लवचीक, सहज न तुटणाऱ्या फोमचे), १२० सेंटिमीटर पंखविस्ताराचे शिकाऊ विमान घेतले. त्याच्या पंखांची टोके किंचित उचललेली असल्यामुळे रिमोटची काठी सोडली की ते बहुतेक वेळा आपोआप सरळ होते. एलेरॉन (पंखावरच्या हलत्या पट्ट्या) नाहीत, फक्त डावी-उजवीकडे वळवणारे रडर, नाक वर-खाली करणारे एलिव्हेटर आणि मोटर, आणि नवशिक्याला तेवढेच पुष्कळ होते.

जोडणी दोन संध्याकाळींत होईल असे विक्रेत्याने सांगितले होते. मला नऊ दिवस लागले. त्यातले दोन माझ्याच घाईने गेले. शेपटी डेप्रॉन नावाच्या पातळ फोमची होती आणि तिला मी घरातला साधा झटपट गोंद लावला. पाहता पाहता फोम विरघळून कडेला कुरतडल्यासारखी खळी पडली. ईपीपीला हा गोंद चालतो, पॉलिस्टायरिनच्या डेप्रॉनला चालत नाही, हे शेपटी नव्याने कापताना कळले.

खरा धडा तोलाचा. पंखाची पुढून मागे रुंदी १८ सेंटिमीटर, म्हणजे गुरुत्वमध्य (विमान जिथे तोलले जाते ती जागा) पुढच्या कडेपासून साधारण ५ सेंटिमीटरवर हवा. बॅटरी जागेवर बसवून पंखाखाली दोन बोटे धरली तेव्हा शेपूट खाली जात होती. तरीही ‘चालेल’ म्हणून हातातून सोडले. विमानाने नाक वर केले, क्षणभर थांबले आणि कातळावर बसले. बॅटरी दोन बोटे पुढे सरकवल्यावर तेच विमान समंजसपणे उडू लागले. मोटर मोठी हवी की लहान, यावर मी आठवडाभर डोके शिणवले होते. त्यातले अर्धे डोके तोलासाठी वापरायला हवे होते.

उडवण्यास आमचा सडा, म्हणजे कातळाचे उघडे पठार, उत्तम, मात्र सकाळी. दुपारी खारे वारे भरले की हलके विमान जागच्या जागी तरंगते आणि वळले की आमराईकडे पळते. समोरून येणाऱ्या विमानाची डावी-उजवी उलटते, यात मी बराच काळ अडकलो. जो पंख खाली झुकलेला दिसेल त्याच बाजूला काठी ढकलायची, ही युक्ती कामी आली. चाके मात्र जांभ्यावर निरुपयोगी ठरली. तार वाकत राहिली, शेवटी काढूनच टाकली आणि पोटाला चिकटपट्टी लावली.

खाऱ्या हवेने मोटरचे स्क्रू फेब्रुवारीतच गंजले. आता प्रत्येक वेळी कोरड्या फडक्याने पुसतो. शिमग्याच्या गडबडीत पूर्ण चार्ज केलेली लिथियम पॉलिमर बॅटरी तीन आठवडे तशीच राहिली आणि फुगली. ती टाकून द्यावी लागली. उड्डाण नसेल तेव्हा प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवायचा असतो, आणि पावसाळ्यासाठी नवी बॅटरी त्याच मापावर ठेवली आहे.

विमान अजून शाबूत आहे. प्रोपेलर मात्र सात मोडले, आणि संचात एकच येतो. त्यामुळे मागवतानाच चार-पाच जास्तीचे घ्यावेत.