नाव होतं, पैसे नव्हते : आमची आफ्रिका सफारी

३४ वर्षं बँकेत काढली. सही जुळत नाही म्हणून कित्येकांचे चेक परत पाठवले, कर्जाच्या कागदांत एक झेरॉक्स कमी निघाली तरी माणसाला हेलपाटा घालायला लावला. आणि निवृत्तीनंतर ८ लाख ३८ हजारांची टोपी मी हसतहसत स्वतःच्या हाताने डोक्यावर चढवून घेतली. हे लिहायला वर्षाहून जास्त लागलं ते त्यामुळेच. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

सुरुवात आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये झाली. मेव्हण्याच्या ओळखीतला एक टूरवाला स्लाइड शो घेऊन आला होता. माणूस गोड. पहिल्या पाच मिनिटांत मी ‘काका’ झालो आणि ही ‘काकू’. १२ रात्री, १३ दिवस : दक्षिण आफ्रिकेत क्रुगर अभयारण्याच्या आत तीन मुक्काम, मग बोत्सवानात ओकावांगो नदीच्या डेल्टातलं मोरेमीचं जंगल, तिथून चोबे नदीकाठचं जंगल, मग झिंबाब्वेतलं ह्वांगेचं जंगल आणि शेवटी व्हिक्टोरिया धबधबा. माणशी ३ लाख ८० हजार, वर जीएसटी आणि टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीच्या पैशांवर टूरवाल्याने गोळा करायचा आगाऊ आयकर. आम्ही दोघं ताडोब्याला सहा वेळा जाऊन आलेले, त्यामुळे जंगलातलं आपल्याला कळतं असा माझा समज. तो फार महागात पडला.

ताडोब्यात परमिटवर तुमचं नाव असतं, ओळखपत्राचा नंबर असतो, गेट ठरलेलं असतं. इकडे पीडीएफ आली, त्यावर लॉजचं नाव, आमची नावं, बुकिंग नंबर. मला वाटलं, झालं की. त्याच पीडीएफवर खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘प्रोव्हिजनल’, म्हणजे तात्पुरतं, असा शब्द होता. तो मी वाचला होता. वाचून सोडून दिला होता.

पैसे चार हप्त्यांत गेले. पहिले तीन कंपनीच्या चालू खात्यात. शेवटचा हप्ता मे २०२४ मध्ये, आणि त्याच्यासोबत टीसीएसचे माणशी जवळपास २० हजार वेगळ्या खात्यात मागितले. “काका, करखात्याचं आम्ही वेगळं ठेवतो, ऑडिटला सोपं जातं.” पाठवताना खातेदाराचं नाव आलं ते एका बाईचं, आडनाव त्याचंच. बँकेत असतो तर असा व्यवहार करणाऱ्या गिऱ्हाइकाला मी समोर बसवून चार प्रश्न विचारले असते. इथे मीच गिऱ्हाईक होतो, आणि आमचे पासपोर्ट व्हिसासाठी त्याच्याकडे पडले होते. पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात असला की माणूस भांडत नाही, हा एक अनुभव. व्हिसे मात्र सगळे वेळेवर आले. त्यामुळे उरलीसुरली शंकाही गेली.

ऑगस्टमध्ये आम्ही १४ जण निघालो. सोबत टूर मॅनेजर म्हणून २५-२६ वर्षांचा एक पोरगा.

जोहान्सबर्गहून क्रुगरला गाडीने पाच तास लागतात. अंधार पडता पडता व्हॅन मुख्य रस्ता सोडून हेझीव्ह्यू गावातल्या एका गेस्ट हाउसच्या फाटकातून आत शिरली. समोर पेट्रोल पंप, बाजूला सुपरमार्केट. मी विचारलं, “अभयारण्याच्या आत मुक्काम होता ना?” पोरगा म्हणाला, “काका, हे ग्रेटर क्रुगर आहे.”

इथे जरा थांबून सांगतो, कारण या दोन शब्दांत बरेच जण फसत असतील. क्रुगर हे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरचं प्रकरण आहे, १९२६ सालापासूनचं राष्ट्रीय उद्यान. त्याच्या आत सरकारी मुक्कामाच्या जागा आहेत : स्कुकुझा, लोअर साबी, सटारा, ओलिफान्ट्स. त्यांचं आरक्षण तिथल्या उद्यान-संस्थेच्या संकेतस्थळावर आपल्याला घरबसल्या करता येतं, मध्ये कुणी लागत नाही. दुसरा प्रकार म्हणजे पश्चिमेला लागून असलेली सबी सँड, टिंबावती अशी खासगी राखीव जंगलं. १९९३ मध्ये सबी सँड आणि क्रुगर यांच्यामधलं कुंपण काढलं, त्यामुळे प्राणी इकडून तिकडे मोकळे फिरतात. यालाच खरं ‘ग्रेटर क्रुगर’ म्हणतात आणि तिथे एका रात्रीचे पैसे ऐकून आपल्याकडचा माणूस खुर्चीत सावरून बसतो. तिसरा प्रकार म्हणजे कुंपणाबाहेरची गावं. हेझीव्ह्यू त्यातलं. आपल्या ताडोब्याच्या भाषेत सांगायचं तर कोअरचे, म्हणजे गाभ्यातल्या जंगलाचे पैसे घेऊन, बफर म्हणजे कडेचं जंगलसुद्धा नाही, थेट चंद्रपूरच्या एसटी स्टँडशेजारी उतरवल्यासारखं.

गाव वाईट नाही, गेस्ट हाउसही स्वच्छ होतं. पण आत राहणाऱ्याला पहाट मिळते, बाहेरच्याला गेटवरची रांग मिळते. ऑगस्टमध्ये गेट सहाला उघडतं आणि संध्याकाळी सहाच्या आत बाहेर पडावं लागतं. आम्ही आत शिरलो तेव्हा साडेसात वाजून गेले होते. बंद मिनीबस, गाइड नाही, ड्रायव्हर भला पण त्याला सांगितलेलं एवढंच की यांना फिरवून आण. बंद गाडीत फिरणं तिथे पूर्ण कायदेशीर आहे, लोक स्वतःच्या गाड्या घेऊन फिरतात, त्यात फसवणूक काही नाही. फसवणूक ही की आम्ही उघड्या जीपचे आणि गाइडचे पैसे भरले होते.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर गेटवर खाली उतरला, परत आला आणि खिडकीशी उभा राहून हळूच म्हणाला, प्रवेश-शुल्क एकाच दिवसाचं दिलंय. तिथे परदेशी माणसाला माणशी रोजचं शुल्क असतं, स्थानिकांच्या साधारण चौपट. १४ जणांनी कार्डं काढली. पोरगा फोनवर. “सर्व्हर डाउन आहे म्हणतायत, परत मिळतील.” त्या दिवशी लोअर साबीजवळच्या सनसेट डॅमवर तासभर थांबलो. रस्त्याला लागून पाणी, पाण्यात पाणघोडे एकमेकांवर माना टाकून पडलेले, काठावर मगरी. सगळे गप्प बसून बघत होते, आणि कुणीतरी म्हणालं, “जाऊ दे हो, प्राणी तर दिसतायत.” तिथेच आम्ही चुकलो. १४ जणांनी त्या संध्याकाळी पुढच्या तीन लॉजना ईमेल केले असते तर निदान पुढचं कळलं असतं.

मोरेमीचं थोडक्यात सांगतो. मौन नावाच्या बोत्सवानातल्या गावापर्यंत विमानाने गेलो. तिथून छोट्या विमानाने आत जायचं होतं, ते ठरलेलंच नव्हतं. तीन रात्री मौन गावात नदीकाठी काढल्या आणि एक दिवस डेल्टाच्या कडेला मोकोरोत, म्हणजे लांब काठीने ढकलतात त्या चिंचोळ्या होडीत, बसवून आणलं. “डेल्टा तो डेल्टाच ना काका!” डेल्टा बघायचा तो याच दिवसांत. अंगोलाच्या डोंगरांत पडलेला पाऊस महिनोन् महिने वाहत तिथे पोहोचतो, त्यामुळे बोत्सवानात पावसाचा टिपूस नसताना ओकावांगो भरलेला असतो. नदी समुद्राला मिळत नाही, वाळवंटातच पसरून जिरते. हे मी सगळं आधी वाचून गेलो होतो. बघितली ती कड.

मौन ते चोबेजवळचं कासाने गाव रस्त्याने ६०० किलोमीटर. संध्याकाळी चोबे नदीकाठच्या लॉजवर पोहोचलो. काउंटरवरच्या मुलीने थंड पाण्याचे ग्लास दिले, पासपोर्ट मागितले, संगणकात बघितलं आणि मग मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. आमच्या १४ जणांची नावं होती. बरोबर स्पेलिंगसह. पुढे एक राखाडी पट्टी, त्यावर ‘प्रोव्हिजनल, रिलीज्ड’, आणि जमा रकमेच्या रकान्यात शून्य. त्यांनी शांतपणे समजावलं : एजंट खोल्या धरून ठेवायला सांगतात, आम्ही ठरावीक मुदतीपर्यंत धरतो, पैसे आले नाहीत की सोडून देतो. तुमच्या खोल्या जूनमध्येच सोडल्या. दोन आठवणपत्रं पाठवली होती.

जून. म्हणजे आमचा शेवटचा हप्ता जाऊन महिना झाला होता.

पोरगा बाहेर पायरीवर बसून रडत होता. त्याचे चार महिन्यांचे पगार थकलेले, खर्चासाठी दिलेलं कार्ड मौनलाच बंद पडलेलं. रात्री त्यानेच सगळं सांगितलं. आमच्या पैशांतून मे महिन्यातला केनियाचा ग्रुप नेला होता, केनियाच्या पैशांतून त्याआधीचा कुठला तरी. याची टोपी त्याच्या डोक्यावर. पुढचा ग्रुप भरला असता तर कदाचित आम्हालाही सगळं नीट मिळालं असतं आणि मी आज त्याचं कौतुक करत फिरलो असतो.

लॉजमध्ये जागा नव्हती. मॅनेजर बाईंनीच फोन करून गावातल्या दोन ठिकाणी खोल्या मिळवून दिल्या. तिथे पैसे पुलात मोजतात. पुला म्हणजे पाऊस. सुक्या देशाने चलनाला दिलेलं नाव, ऐकायला फार सुंदर. क्रेडिट कार्डावर तो पाऊस दोन दिवसांत पडायचा तेवढा पडला.

चोबेची बोट आम्ही आमच्याच पैशांनी घेतली. मध्ये सेडुडू नावाचं बेट आहे, बोत्सवाना आणि नामिबिया त्यावरून आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले होते आणि १९९९ मध्ये ते बोत्सवानाला मिळालं. हत्तींना याचं काही नाही. संध्याकाळी एक कळप पाण्यात उतरला, सोंडा वर काढून पोहत बेटाकडे गेला. पिल्लू मध्ये, दोन्ही बाजूंना माद्या. ही माझ्या शेजारी निळी ओढणी डोक्याला गुंडाळून उभी होती. मी फोटो काढले. ग्रुपवर टाकले.

ह्वांगे रद्द झालं. कोरड्या दिवसांत तिथे पंपाने पाणी सोडून पाणवठे भरतात आणि हत्ती शेकड्यांनी गोळा होतात, ते बघायचं राहिलं. धबधबा पाहिला. परतीची मुंबईची तिकिटं खरी निघाली. व्हिक्टोरिया फॉल्स ते जोहान्सबर्गचं मात्र नुसता पीएनआर होता, १३ आकडी तिकीट नंबर नव्हता, म्हणजे तिकीट काढलेलंच नव्हतं. तेही नव्याने घेतलं. दोघांचे मिळून वरचे २ लाख ६० हजार गेले.

परत आल्यावर पहिलं काम म्हणून कासानेच्या लॉजला ईमेल केला की पैसे आले नव्हते असं लिहून द्या. त्याच दुपारी उत्तर आलं, लेटरहेडवर. हेच मी जूनमध्ये विचारलं असतं तरी त्याच दुपारी आलं असतं. एजंटने किती दर लावला हे लॉजवाले सांगत नाहीत, आणि ते विचारूही नये. पण आपलं नाव आणि तारीख देऊन ‘बुकिंग कन्फर्म्ड आहे की प्रोव्हिजनल, आणि अनामत आली का’ एवढं विचारलं की सांगतात. मी आता प्रत्येकाला हेच सांगतो, शेवटचा हप्ता देण्याआधी. एजंटला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका, खऱ्या एजंटला वाटत नाही.

टीसीएसचं पुढे कळलं. जुलै २०२५ मध्ये रिटर्न भरताना सीए म्हणाला, तुमच्या २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर किती कर जमा झाला ते दाखवणाऱ्या करखात्याच्या उताऱ्यात, अशी काही नोंदच नाही. परदेशी सहलीवर गोळा केलेला हा कर टूरवाल्याने गिऱ्हाइकाच्या पॅनवर भरायचा असतो आणि तो आपल्याला रिटर्नमध्ये परत मागता येतो. त्याने तो भरलाच नव्हता, बायकोच्या खात्यात ठेवून घेतला होता. एप्रिल ते जूनच्या तिमाहीचं विवरण १५ जुलैपर्यंत द्यावं लागतं. म्हणजे निघायच्या आधी मी एकदा २६एएस उघडून बघितलं असतं तर रिकामा रकाना तेव्हाच दिसला असता. बँकेत असताना लोकांना हेच उघडून दाखवत होतो.

पोलिसांत तक्रार दिली. तिथे “हा दिवाणी मामला आहे” असं ऐकून परत आलो, मग लॉजचं पत्र आणि टीसीएसचा कागद जोडून पुन्हा गेलो, तेव्हा अर्ज घेतला. जिल्हा ग्राहक आयोगात आम्ही सहा जोडप्यांनी वेगवेगळे दावे टाकले. ५ ते १० लाखांच्या व्यवहाराला फी २०० रुपये, मुदत दोन वर्षांची, वकील सक्तीचा नाही. सातव्या जोडप्याने टाकला नाही, ते त्याचे नातेवाईक आहेत. तारखा पडतायत. तो फोन उचलतो, हे विशेष. “काका, माझाही नाइलाज झाला हो, तुमचा एक रुपया बुडवणार नाही.” आवाज तसाच गोड.

गेल्या आठवड्यात मेव्हण्याने एक जाहिरात पाठवली. दुसऱ्या उपनगरातल्या हॉलमध्ये स्लाइड शो, टांझानिया आणि चोबे, नवं नाव, नवा लोगो. वर पोहणाऱ्या हत्तींचा मोठा फोटो. डाव्या कोपऱ्यात निळ्या ओढणीचं टोक आलंय.