कमी फिरलेली जुनी हॉट हॅच: गोल्फ जीटीआय घ्यावी की प्युजो २०५?

ब्रिटनमध्ये राहणारे आपले बरेच लोक पन्नाशीच्या आसपास आले की एखादी जुनी, मजेची गाडी घ्यायचं मनावर घेतात. ऐंशीच्या दशकातली हॉट हॅच, म्हणजे जोरदार इंजिनाची लहान हॅचबॅक, हवी असेल, तर शोध बहुधा दोन नावांपाशी येऊन थांबतो: पहिल्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय आणि प्युजो २०५ जीटीआय, त्यातही १.९ लिटर इंजिनाची. दोन्हींच्या जाहिरातीत सगळ्यात ठळक छापलेला असतो तो मैलांचा आकडा, आणि त्याच आकड्याच्या जोरावर किंमत चढते.

माझं मत आधीच सांगतो. कमी फिरलेल्या गाडीसाठी जादा पैसे मोजायचेच असतील, तर ते प्युजोसाठी मोजा. गोल्फ घेणार असाल तर तेच पैसे गंज न लागलेल्या मूळ पत्र्यावर घाला, मग ती ऐंशी हजार मैल फिरलेली का असेना.

गोल्फ जीटीआय सप्टेंबर १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार शोमध्ये लोकांसमोर आली. पाच हजार गाड्या काढायच्या, एवढाच कंपनीचा बेत होता. पहिल्या पिढीच्याच ४,६१,६९० निघाल्या. १५८८ सीसीचं इंजिन, बॉशचं के-जेट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन (इंजिनात पेट्रोल फवारणारी यांत्रिक व्यवस्था), ११० अश्वशक्ती आणि वजन जेमतेम ८१० किलोच्या आसपास. कारखान्यातून उजव्या हाताच्या स्टिअरिंगची जीटीआय ब्रिटनला मिळायला १९७९ साल उजाडलं. पुढे १.८ लिटरचं इंजिन आलं. कागदावर ताकद दोनच अश्वशक्तीने वाढली, पण खालच्या आरपीएमला ओढ पुष्कळ सुधारली. चालवायला मला तीच जास्त आवडते.

प्युजो १९८४ मध्ये आली, १.६ इंजिन आणि १०५ अश्वशक्ती घेऊन. १९८६ च्या अखेरीला १९०५ सीसीची १.९ आली: १३० अश्वशक्ती, मागच्या चाकांनाही डिस्क ब्रेक, १५ इंची चाकं, अर्ध्या लेदरच्या सीट. त्याच काळात २०५ टर्बो १६ ने १९८५ आणि १९८६ अशी लागोपाठ दोन वर्षं जागतिक रॅलीचं विजेतेपद मिळवलं. त्या रॅलीच्या गाडीचं इंजिन मधोमध आणि ताकद चारही चाकांना. जीटीआयशी तिचं साम्य चेहऱ्यापुरतंच. पण त्या वेळी जी मुलं तिचे फोटो कापून भिंतीवर लावत होती, तीच आज हातात पैसे घेऊन २०५ शोधताहेत. संग्राहकांची मागणी बऱ्याच अंशी अशी वयातून येते. लहानपणी जी गाडी परवडत नव्हती, ती माणूस मोठेपणी घेतो.

आपल्या वाचकांसाठी एक ओळखीचा धागाही आहे. नव्वदच्या दशकात कल्याणच्या कारखान्यात प्रीमियर आणि प्युजो मिळून जी ३०९ बनवत होते, ती २०५ चीच मोठी बहीण. दोघींचा पाया बराचसा एकच. ज्यांनी तेव्हा डोंबिवली-कल्याणच्या रस्त्यांवर ३०९ चालवली आहे, त्यांना २०५ मध्ये बसल्यावर पेडल आणि स्टिअरिंगची ठेवण परकी वाटणार नाही.

मैलांचा आकडा खरा कशावरून?

मीटरवर नऊ हजार मैल दिसतात, म्हणून गाडी नऊ हजारच फिरली असं होत नाही. त्या काळचा मीटर यांत्रिक, केबलवर चालणारा. तो मागे फिरवणं किंवा अख्खा बदलणं अवघड नव्हतं. शिवाय कित्येक गाड्यांच्या मीटरला पाचच आकडे असत, म्हणजे लाख मैल झाले की पुन्हा शून्य. म्हणून संग्राहक पैसे देतो ते पुराव्यासाठी.

ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची सक्तीची तपासणी, होते आणि त्यात मीटरचा आकडा नोंदवला जातो. २००५ पासूनच्या नोंदी गाडीच्या नंबरवरून कुणालाही फुकट पाहता येतात. पण १९८८ ची गाडी असेल तर १९९१ ते २००५ ही मधली वर्षं फक्त मालकाच्या फाइलमध्ये असतात: जुनी एमओटी प्रमाणपत्रं, सर्व्हिस बुकातले शिक्के, टायर-बॅटरीची बिलं. ही फाइल नसेल तर कमी मैलांची निम्मी किंमत तिथेच गळते. मालक कितीही सज्जन असला तरी त्याचा शब्द तुमच्या पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवता येत नाही.

कागदांनंतर गाडी स्वतः बोलते. मी दार उघडून आधी ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड पाहतो, कारण चढता-उतरता माणूस दर वेळी तिच्यावर घासतो. २०५ मध्ये तिथलं लेदर चिरलेलं आणि आतला फोम बसलेला असेल, तर दहा-बारा हजार मैलांवर विश्वास ठेवू नका. मग पेडलची रबरं. मग लाल कार्पेटवर टाच टेकते ती जागा. इग्निशनभोवती किल्लीच्या जुडग्याने पडलेले ओरखडे. सगळ्या काचांवर एकाच सुमाराचे कोड आहेत का, की एखादी मागाहून बसवलेली आहे. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग फुटलेला असेल तर कधीतरी पाना लागलाय, आणि पाना लागला तर का लागला, हे विचारायलाच हवं. रंगाची जाडी मोजायचं यंत्र आता स्वस्तात मिळतं. रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर ते लगेच सांगतं.

गोल्फमध्ये बूटचं, म्हणजे डिकीचं, कार्पेट उचलून स्टेपनीचा खड्डा बघा. मूळ टायर न वापरलेला मिळाला तर आनंदच, पण खड्ड्यात पाणी साचल्याच्या खुणा शोधायच्या ते जास्त महत्त्वाचं. २०५ ची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली पाळण्यात टांगलेली असते, म्हणून ती बघायला वाकावं लागतं. तेवढ्यात मागची चाकंही बघून होतात. त्यांच्याकडे पुढे येतोच.

दोन गाड्यांत कमी फिरण्याचा अर्थ वेगळा

गोल्फचा शत्रू गंज. पुढचे मडगार्ड, काचेभोवतीची चौकट, सिल (दाराखालची पत्र्याची पट्टी), मागच्या चाकांच्या कमानी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पेट्रोल भरायची नळी. ती आतून गंजते, गंजाचे कण टाकीत जातात आणि तिथून इंजेक्शनमध्ये. ज्या गाडीने हिवाळ्यात मीठ टाकलेले रस्ते पाहिले नाहीत तिला फायदा होतो, यात शंका नाही. पण दमट गॅरेजमध्ये तीस वर्षं उभी राहिलेली आणि फारच थोडी फिरलेली गोल्फ खालून सडलेली असू शकते. मैल पत्र्याची हमी देत नाहीत. उलट यांत्रिक भाग दणकट आहेत, आणि फोक्सवॅगनचा स्वतःचा क्लासिक पार्ट्सचा विभाग आहे. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांत जे झिजतं ते बहुतेक पुन्हा मिळतं किंवा दुरुस्त होतं. झिजलेली पण मूळ पत्र्याची गोल्फ सावरता येते. सडलेली गोल्फ सावरायची तर तिचा मूळपणाच कापून टाकावा लागतो.

२०५ चं उलट आहे. ती वजनाला हलकी, वळणात ऐन वेळी अॅक्सिलरेटर सोडला की मागची बाजू झपकन बाहेर फेकणारी. या स्वभावामुळेच ती लोकांना वेड लावते आणि याच स्वभावामुळे असंख्य गाड्या उलट तोंडाने झुडपांत गेल्या. नव्वदच्या दशकात चोरांचीही ती लाडकी होती. पुढे ती स्वस्त झाली तेव्हा तरुणांनी कुणी मोठ्या प्युजो ४०५ एमआय१६ चं सोळा व्हॉल्वचं इंजिन बसवलं, कुणी सस्पेन्शन खाली आणलं, कुणी आतलं सगळं काढून ट्रॅकवर नेली. आतलं प्लास्टिक पातळ, वापराने तडकणारं. लाल कार्पेट उन्हाने विटतं, सीटच्या कडा बसतात. यातले बरेच तुकडे नवे मिळत नाहीत, आणि जुने चांगले मिळवायला महिनोन्महिने शोधावं लागतं.

म्हणून थोडेच मैल फिरलेली आणि फाइलसकट असलेली २०५ ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. तिथे मैलांचा आकडा एक पूर्ण इतिहास सिद्ध करतो: ही गाडी आपटली नाही, चोरीला गेली नाही, कुणी तिच्यावर प्रयोग केले नाहीत. गोल्फमध्ये तोच आकडा यातलं थोडंच सांगतो. माझ्या मताचं सगळं बळ या फरकात आहे.

मागची चाकं. २०५ चा मागचा अॅक्सल टॉर्शन बारचा (स्प्रिंगऐवजी पिळला जाणारा पोलादी दांडा), आणि चाकं धरणारे त्याचे आर्म नीडल बेअरिंगवर, म्हणजे बारीक सुयांसारख्या रोलरवर, फिरतात. सील गेलं की पाणी आत शिरतं, बेअरिंग खातं, मग चाकं वरच्या बाजूने आत झुकू लागतात. गाडीच्या मागे दहा पावलांवर उभं राहिलं तर नुसत्या डोळ्यांना दिसतं. अॅक्सल नव्याने बांधून मिळतो, त्यामुळे तेवढ्यासाठी चांगली गाडी सोडू नका, भाव मात्र करा.

उभ्या गाडीचा खर्च

कमी फिरलेली गाडी म्हणजे बिनखर्चाची गाडी, असं समजून बरेच जण फसतात. इंजिनातला टायमिंग बेल्ट वयाने म्हातारा होतो, मैल कितीही असोत. टायरवरच्या कोडमधले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. नक्षी नवी दिसली तरी पंधरा वर्षांचा टायर कडक झालेला असतो, आणि २०५ सारख्या गाडीवर तो धोक्याचा आहे. ब्रेकचं तेल पाणी शोषतं, कॅलिपर अडकतात, ऑइल सील सुकतात. गोल्फच्या के-जेट्रॉनिकमध्ये शिळ्या पेट्रोलचा चिकटा बसला की फ्युएल डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना पेट्रोल वाटून देणारा भाग) अडकतो आणि त्याची दुरुस्ती खिशाला झोंबते. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं, झालंय. जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही, तेव्हा या दोन्ही गाड्यांना कमी इथेनॉलचं सुपर ई५ च घाला.

आणि चालवण्याचं काय? मीटरवर अकरा हजार मैल असलेली गाडी घेतली की प्रत्येक रविवारची फेरी तिची किंमत खाते. ऐंशी हजारांची गाडी पंच्याऐंशी हजारांवर गेली तर कुणाच्या खिजगणतीतही नसतं. तुम्हाला मुलांना घेऊन वेल्सच्या घाटांत जायचं असेल तर पहिल्या प्रकारच्या गाडीच्या वाटेला जाऊ नका. ती आपलीशी व्हायला वापरावी लागते, आणि वापरली की जे विकत घेतलं तेच कमी होत जातं.

कुठल्या आवृत्त्या, कुठला रंग

गोल्फमध्ये ब्रिटनच्या संग्राहकांचं मन १९८३ च्या ‘कॅम्पेन’ वर असतं: पहिल्या पिढीची शेवटची खेप, चार हेडलाइट, पी आकाराची भोकं असलेली पिरेली चाकं. साध्या जीटीआयवर हे सगळं लावून ‘कॅम्पेन’ म्हणून खपवणं सोपं आहे, म्हणून फाइलशिवाय घेऊ नका. २०५ मध्ये मायामी ब्लू आणि सोरेंटो ग्रीन या मर्यादित रंगांना मागणी आहे. बीबीसीच्या रेडिओ वनच्या पंचविसाव्या वाढदिवसाची ‘१ एफएम’ तर पंचवीसच निघाल्या. १.६ ला उगाच कमी लेखू नका. तिचं इंजिन जास्त मोकळेपणाने वर फिरतं आणि जाणकारांत तिचे भक्त आहेत. फक्त १.९ ची चाकं लावलेली १.६ ही १.९ च्या भावात घेऊ नका.

या दोघींच्या पलीकडे बघायचं असेल तर १९९३ ची रेनो क्लिओ विल्यम्स आहे. तिच्या डॅशबोर्डवर क्रमांकाची पट्टी लावली, मर्यादित गाड्या म्हणून विकल्या, आणि मग कंपनीने विल्यम्स २ आणि ३ काढल्या. पहिल्या गिऱ्हाइकांना ते बोचलं. क्रमांक असलेली पहिलीच मालिका आजही वर आहे. लॅन्चिया डेल्टा इंटेग्राले सुंदर, १९८७ ते १९९२ सलग सहा रॅली विजेतेपदं मिळवणाऱ्या डेल्टा घराण्यातली, पण फक्त डाव्या स्टिअरिंगची आणि खर्चाचं गणित पार वेगळं. तिचा विचार इथे नको.

मालकाचं नाव किती भर घालतं, याचं टोकाचं उदाहरण म्हणजे राजकुमारी डायनाची १९८५ ची काळी फोर्ड एस्कॉर्ट आरएस टर्बो. ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात तिच्यावर साडेसहा लाख पौंडांवर हातोडा पडला. मीटरवर पंचवीस हजारांच्या आत मैल होते, पण ती किंमत मैलांची नव्हती. आपल्याला मिळणाऱ्या गाडीत नाव नसणारच. एकाच कुटुंबाकडे नवीकोरी असल्यापासून असलेली गाडी आणि तिची पहिली पावती, एवढं मिळालं तरी ते मोठं समजा.

कर, लंडन आणि भारत

ब्रिटनमध्ये खासगी मोटार विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, म्हणून गुंतवणूकदार या बाजारात येतात. चाळीस वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची ऐतिहासिक वाहन म्हणून नोंद झाली की रोड टॅक्स माफ आणि लंडनच्या युलेझमधूनही, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरच्या रोजच्या आकारातूनही, सूट. १९८३ ची गोल्फ तिथे आज फुकट फिरते. १९८८ च्या २०५ ला मात्र एप्रिल २०२९ पर्यंत दिवसाला साडेबारा पौंड. तुम्ही हॅरो किंवा हाउन्स्लोमध्ये राहत असाल, तर हा फरक दर रविवारी जाणवेल.

गाडी पुढेमागे पुण्याला नेऊ, हा विचार मनातून काढा. तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी भारतात आणता येत नाही, आणि विंटेजच्या सवलतीत बसायला या दोन्ही अजून तरुण आहेत.

विमा मान्य किमतीचा घ्या, म्हणजे नुकसान झालं तर किती मिळणार हे आधीच ठरलेलं असेल. आणि पाहायला जाताना मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की इंजिन गरम करून ठेवू नका. तुम्ही पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. थंड असेल तरच किल्ली फिरवायला सांगा, आणि पहिल्या मिनिटात एक्झॉस्टमधून निघणारा धूर गाडीच्या मागे उभं राहून बघा.