ईसीजीत अटॅक, संशय महाधमनीवर: इको, सीटी की थेट कॅथलॅब?

ईसीजीतला एसटी हा भाग वर चढलेला, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलेलं, म्हणजे चित्र हार्ट अटॅकचं, तरीही मूळ आजार महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) फाटण्याचा असू शकतो. आतल्या अस्तराला हृदयाजवळ चीर पडली की सुटलेला पापुद्रा कोरोनरीचं, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीचं, तोंड बंद करतो. बहुधा उजव्या कोरोनरीचं, म्हणून ईसीजीत इन्फिरिअर वॉल एमआय (हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक) दिसतो. अशा रुग्णाला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर ते जिवावर बेतू शकतं.

मग सगळ्यांचाच सीटी करावा का? नाही. खऱ्या अटॅकमध्ये तेवढ्या वेळात हृदयाचा स्नायू मरतो. दुखणं एकदम सुरू होऊन पहिल्या क्षणापासूनच कमाल तीव्र असेल, पाठीत जात असेल, दोन हातांच्या रक्तदाबात २० मिमीपेक्षा जास्त फरक असेल, एखादी नाडी लागत नसेल किंवा मार्फान (महाधमनी कमकुवत करणारा जन्मजात आजार) असेल, तरच अटॅकचे उपचार सुरू करण्याआधी तपासणीसाठी थांबा.

अशा वेळी पहिला इको, तोही खाटेवरच. काही मिनिटांत रूट (महाधमनीचा हृदयालगतचा भाग) फुगलेलं, ॲओर्टिक झडप गळणारी, हृदयाभोवती द्रव किंवा हलता पापुद्रा दिसू शकतो. मात्र छातीवरून केलेल्या इकोतून चढत्या महाधमनीतल्या साधारण पाचातली एक फाट निसटते. तो नॉर्मल आला म्हणून संशय सोडणं मला धोक्याचं वाटतं.

रुग्ण हलवण्याजोगा असेल तर निर्णय सीटी अँजिओवर (रंगद्रव्य देऊन केलेल्या रक्तवाहिन्यांच्या सीटीवर) घ्यावा. फाट पकडण्याची तिची क्षमता १०० टक्क्यांच्या जवळ आहे, शिवाय चीर कुठवर गेली आणि कोणत्या शाखा अडकल्या हेही कळतं. ईसीजी-गेटिंग (हृदयाच्या ठोक्याशी जुळवून चित्रं घेणं) आवर्जून मागा. त्याशिवाय ठोक्यांच्या हालचालीमुळे रूटपाशी खोटा पापुद्रा भासतो. क्रिएटिनिनच्या (मूत्रपिंडाच्या तपासणीच्या) रिपोर्टसाठी थांबू नका.

घशातून केलेला इको अचूकतेत सीटीच्या जवळपास आहे, पण भूल लागते आणि श्वासनलिका आड आल्याने चढत्या महाधमनीचा वरचा भाग नीट दिसत नाही. एमआरआयला इथे वेळ नाही. थेट कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत, नेलं तर कॅथेटर (रक्तवाहिनीतून सरकवलेली बारीक नळी) खोट्या पोकळीत, म्हणजे सुटलेल्या अस्तरामागे झालेल्या जागेत, शिरण्याची भीती असते. तिथे पोहोचल्यावर कोरोनरीचं तोंड सापडत नसेल, तर कॅथेटर रेटू नका, महाधमनीचा विचार करा.

खाटेवरच्या इकोत पापुद्रा आणि टॅम्पोनाड (भोवतीच्या द्रवाने हृदय दाबलं जाणं) दोन्ही दिसले, रक्तदाब कोसळत असेल, तर सीटीचा हट्ट सोडा. हृदयशल्यविशारदाला बोलवा आणि घशातला इको ऑपरेशन थिएटरमध्येच करा. उपचाराविना पहिल्या ४८ तासांत दर तासाला १ ते २ टक्के रुग्ण दगावतात.