बॅटरी मॉनिटर विकणाऱ्यापासून सावध राहा

बार्शीला माझ्या मेव्हण्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. इन्व्हर्टरवर 150 एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) दोन ट्युब्युलर बॅटऱ्या, चांगल्या चालणाऱ्या. उन्हाळ्यात एक जण आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. त्याने 3,200 रुपयांना ‘बॅटरी मॉनिटर’, म्हणजे बॅटरीत किती चार्ज शिल्लक आहे ते टक्क्यांत दाखवणारी डबी, बसवला, वर वर्षभराचा सपोर्ट फुकट.

आठवड्याने तो ‘फ्री चेकिंग’ला हजर. झेरॉक्स मशीन गरम होत असतानाच डिस्प्लेकडे बोट दाखवलं: 22 टक्के! मग हिशोब मांडला. बॅटरी 150 एएच, लोड 40 अँपिअर, म्हणजे पावणेचार तास चालायलाच हवी, तुमची अडीच तासांत बसते, म्हणजे हेल्थ संपली. गिऱ्हाईक उभं, मशीन चालू. अशा वेळी कोण वाद घालतो? जुन्या बॅटऱ्या भंगाराच्या भावात घेऊन त्याने नव्या दिल्या आणि वरचे 24,000 कच्च्या पावतीवर उचलले.

पुढच्या भारनियमनात मशीन चालू केलं, तर नव्या बॅटऱ्यांवरही 22 टक्के! सपोर्टला फोन केला. उत्तर आलं, “सॉफ्टवेअर अपडेट करावं लागेल दादा, 1,500 पाठवा.” पाठवले नाहीत, तेव्हापासून नंबर बंद.

गावातल्या बॅटरीवाल्या काकांनी ती डबी उघडली. आत दोन बारीक वायरी, एक लाल आणि एक काळी, थेट टर्मिनलवर. बास! म्हणजे तीनशे-चारशेचा व्होल्टमीटर, टक्क्यांचं सोंग घेतलेला. करंट मोजायचा तर निगेटिव्ह केबलच्या मधोमध शंट लागतो, म्हणजे पितळी ठोकळ्यांमध्ये बसवलेली धातूची पट्टी, आणि बॅटरीतून जाणारा-येणारा सगळा करंट तिच्यातूनच जावा लागतो. शंट किंवा करंट सेन्सर नाही, तर आत किती शिल्लक आहे हे मीटरला कळणार कुठून? भरलेली बॅटरी काही तास निवांत असताना साधारण 12.7 व्होल्ट दाखवते. मोठा लोड पडला की तीच खाली येते आणि चार्जर लागला की 14 च्या आसपास चढते. डबीने लोड चालू असताना 22 सांगितले, तसे चार्जिंगला लावताच 100 सांगितले असते.

हिशोबही खोटाच. ट्युब्युलरवरचे 150 एएच बहुधा सी20 चे, म्हणजे वीस तासांत सावकाश रिकामी करण्याच्या हिशोबाचे असतात: साडेसात अँपिअरने वीस तास. करंट जास्त ओढला की एएच कमी मिळतात. 40 अँपिअर ओढले की अडीच तास ठीकच आहेत.

काकांनी मग हायड्रोमीटर काढला, नव्या बॅटरीच्या सहाही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता, घेतली. पूर्ण चार्जनंतर 1240 च्या आसपास हवी. दोन सेल 1190 वर अडकलेले. वरचं स्टिकर नवं, खाली खरवडलेला सिरियल नंबर. आमच्या चांगल्या बॅटऱ्या गेल्या आणि दुसऱ्याच्या थकलेल्या आल्या.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पावतीवर जीएसटी नंबर नाही, पत्ता नाही, त्यामुळे विक्रेता म्हणून नाव कुणाचं लिहायचं तिथेच गाडी अडली आहे. तुमच्याकडे असा कोणी आला, तर त्याला शंट कुठे बसवणार ते विचारा, आणि जुन्या बॅटऱ्या उचलू देण्याआधी ओळखीच्या मेकॅनिककडून ग्रॅव्हिटी बघून घ्या.