पिवळ्या ८३० मल्टीमीटरचा ओहम किती खरा?
तीनशे रुपयांच्या आत मिळणारा ८३० मालिकेतला पिवळा मल्टीमीटर रोध (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, त्याचं एकक ओहम) मोजायला बिनधास्त घ्या. घरातल्या २३० व्होल्टच्या बोर्डासाठी मात्र नको. त्याच्या १० अँपिअरच्या सॉकेटला फ्यूजच नसतो. लाल प्रोब (मोजायची टोकदार वायर) तिथे राहून गेला आणि फेज-न्यूट्रलला टेकला, की थेट शॉर्टसर्किट.

ओहमची बाजू भक्कम का, ते गेओर्ग झिमोन ओहमच्या अडचणीवरून कळतं. कोलोनच्या या शिक्षकाच्या प्रयोगांत सेलचा दाब सारखा ढळायचा. शेवटी त्यानं सांध्यांच्या तापमानातल्या फरकावर वीज देणारी बिस्मथ-तांब्याची जोडी घेतली, एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. स्रोत स्थिर झाला तेव्हा कुठे नियम हाती लागला. १८२७ मध्ये तो पुस्तकात आला. या मीटरची बॅटरीही ढळतेच. पण आतली आयसी (मोजणी करणारी चिप) मोजायचा रोध आणि आपला ठरावीक रोध एकापुढे एक जोडून दोन्हींवरच्या विद्युतदाबाचं गुणोत्तर काढते. बॅटरी थोडी उतरली तर दोन्ही सारखेच घटतात, उत्तर बदलत नाही. व्होल्टच्या रेंजला ही सोय नाही. ९ व्होल्टची बॅटरी उतरली की तिथलं वाचन फुगतं.

नावाची कथा विलक्षण आहे. १८६१ मध्ये क्लार्क आणि ब्राइट या तारायंत्र अभियंत्यांनी एककांना शास्त्रज्ञांची नावं सुचवली, तेव्हा ‘ओहमा’ विद्युतदाबासाठी होतं आणि रोधाला ‘व्होल्ट’ म्हणायचं होतं! १८८१ च्या पॅरिस परिषदेनं ओहम रोधालाच पक्का केला. नॉबवरची ओमेगाची (Ω) खूण विल्यम प्रीसची सूचना. तिथे रोमन ‘ओ’ असता तर २०० चे २००० वाचले गेले असते.

२०० ओहमच्या रेंजवर आधी प्रोबची टोकं एकमेकांना टेकवा. ०.३ ते ०.५ दिसेल, तो वायरींचा रोध, वाचनातून वजा करा. आकडा नाचत असेल तर प्रोब बदला. सर्किटचा पुरवठा बंद हवा, कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) रिकामा हवा आणि रेझिस्टरचा (रोध देणाऱ्या भागाचा) एक पाय सोडवलेला हवा, नाहीतर समांतर वाटांमुळे वाचन कमी येतं. मोठ्या रेंजवर दोन्ही टोकं बोटांनी धरली तरी तेच होतं, कारण शरीर समांतर जोडलं जातं. डावीकडे नुसता ‘१’ आला तर रोध रेंजबाहेर आहे, रेंज वाढवा.

दुकानात जाताना १ टक्का अचूकतेचा १ किलोओहमचा रेझिस्टर खिशात ठेवा. २००० च्या रेंजवर वाचन ९८० ते १०२० च्या बाहेर गेलं, तर दुसरा पीस मागा.