कुलाब्याचं अफगाण चर्च : गेलात तर आधी खाली बघा

माझा धंदा फरशीकामाचा, त्यामुळे कुठल्याही इमारतीत शिरलो की नजर आधी जमिनीवर जाते. इथे ती तिथेच अडकली. लाद्या इंग्लंडहून आणलेल्या. भौमितिक नक्षी, एकेक तुकडा वेगळा कापलेला, आणि कोपऱ्यात भिंतीला भिडतानाही डिझाइन कुठे तुटत नाही. कोपरा साधणं किती किचकट असतं ते हे काम करणाऱ्यालाच कळेल. मी उकिडवा बसून बराच वेळ बोटं फिरवत होतो.

खरं नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. पायाभरणी १८४७ ची, प्रार्थना सुरू झाली १८५८ मध्ये, मनोरा पुरा व्हायला १८६५ उजाडलं. उंची १९८ फूट. आराखडा हेन्री कॉनिबेअरचा, मुंबईला विहार तलावाचं पाणी देणारी योजना आखली तोच इंजिनिअर. दगड कुर्ल्याचा आणि पोरबंदरचा. बाकांना बंदुका टेकवायला खाचा आहेत, त्या चुकवू नका. छावणीतले गोरे सोल्जर प्रार्थनेलाही हत्यारासकट येत.

पण माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो स्मृतिलेखापाशी. हे चर्च पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत गेलेल्यांसाठी बांधलं. लेखात म्हटलंय की अधिकाऱ्यांची नावं वेदीजवळच्या भिंतींवर कोरली आहेत, साधे शिपाई मात्र इतके, की त्यांची नावं लिहिणं शक्य नाही. जानेवारी १८४२ मध्ये ब्रिटिशांची फौज काबूलहून माघारी निघाली तेव्हा तिच्यात लढणारे सुमारे ४,५०० होते, त्यात गोरे जेमतेम ७००. बाकी सगळे आपल्याकडचे शिपाई, आणि त्यांच्यामागे १२,००० च्या आसपास बाजारबुणगे, बायकापोरांसह. बर्फात बहुतेक सगळे संपले. एवढी देखणी इमारत त्यांच्यामुळे उभी राहिली आणि त्यांच्यातल्या एकाचंही नाव भिंतीवर नाही, याचं मला फार वाईट वाटलं. तरीही निदान ‘तेही होते’ एवढं दगडात कोरून ठेवलंय, हे मी मानतो.

कारागिरी म्हणाल तर पाचपैकी पाच. रंगीत काचांसाठी चांगलं ऊन असताना जा. १९०४ च्या आठ घंटा मनोऱ्यात आहेत, मला त्या ऐकायला मिळाल्या नाहीत. मुलांना न्या, पण युद्धाची गोष्ट घरूनच सांगून न्या, म्हणजे भिंतीवरची नावं ती नीट वाचतील.